ताम्रपट आणि तांब्याचा पैसा

तारापूरला लागून असलेल्या चिंचणीचे नाव इतिहासाच्या पुस्तकात येते ते तेथे सापडलेल्या ताम्रपटांमुळे. शके 848, म्हणजे इ. स. 926 चा पट सांगतो की, राष्ट्रकूटांनी संजाणच्या मंडलावर मुहम्मद नावाचा अरब अधिकारी नेमला होता. संस्कृत पटात तो ‘मधुमती’ झाला. त्याच्या अमदानीत, तिसऱ्या इंद्राच्या संमतीने, एका ब्राह्मणाच्या मठिकेला गाव आणि जमीन मिळाली. शके 956 च्या दुसऱ्या पटात देवीपुढच्या दिव्यासाठी आणि पंडितांच्या पायांना तेल लावण्यासाठी घाणा दान दिला आहे.

हिंदू-मुसलमानांचे सनातन वैर सांगणाऱ्यांना हे पट उत्तर देतात. पण आपण तेवढ्यावर समाधान मानायचे काय? वरच्यांचा सलोखा म्हणजे समता नव्हे. गाव दान दिले म्हणजे तेथल्या कसणाऱ्याच्या श्रमाचा वाटा दान दिला. आणि तो घाणा कोणी हाकायचा?

तांब्याचे दुसरे रूप नाण्याचे. उमय्यद खलिफा अब्द अल्-मलिकने इ. स. 696-97 मध्ये सोन्याच्या दिनारावरून चित्रे काढून केवळ अक्षरे ठेवली. चांदीचा दिरहमही त्याच वाटेने गेला. मात्र तांब्याच्या फलूसवर त्यानंतरही हत्ती, सिंह, पक्षी दिसतात. बाराव्या-तेराव्या शतकांत अर्तुकी आणि झंगी राजांनी तांब्यावर ग्रीक-रोमन मुखवटे, राशिचिन्हे, दुतोंडी गरुड छापले. अर्तुकींच्या नाण्यांवर बायझंटाइन नाण्यांवरून घेतलेला ख्रिस्तही आहे. राजे मुसलमान, वचने अरबी, चित्रे परक्यांची!

हे कसे चालले? सोने-चांदी दूर जाई, सत्तेची आणि धर्माची प्रतिष्ठा मिरवी. तांबे मुख्यतः स्थानिक बाजारात फिरे. तेथे नाणे ओळखीचे वाटणे, ते घेतले जाणे महत्त्वाचे. बाजाराच्या गरजेपुढे नियम सैल होत.

उलट, आपल्या किनाऱ्यावर एके काळी सत्ता असलेल्या गुजरातच्या सुलतानांच्या तांब्यावर मुख्यतः अक्षरेच आहेत. म्हणजे ‘इस्लामी नाणे’ असा एकच साचा नाही. प्रत्येक ठिकाणचा बाजार आणि सत्ता पाहावी लागते.

ताम्रपट जपून ठेवला गेला, कारण त्यावर मालकी कोरलेली होती. पैसा हातोहाती झिजला, कारण त्यावर रोजचे जगणे चालत होते. ज्यांच्या नावाने पट निघाले नाहीत त्यांचा इतिहास शोधणाऱ्याने हे झिजलेले तांबेही वाचले पाहिजे. आणि पट वाचताना दान कोणी दिले यापुढे जाऊन ते कोणाच्या कष्टातून दिले, हे विचारले पाहिजे.