भंगारांतील मोटारीचा पुनर्जन्म

मोटारगाडीचा इतिहास लिहिणारे बहुधा कारखान्यांचा इतिहास लिहितात. कोणत्या सालीं कोणतें यंत्र निघालें, त्याची शक्ति किती, किंमत किती, तें किती खपलें, एवढें सांगितलें म्हणजे त्यांचें काम झालें. विकली गेल्यावर गाडी दुसऱ्या-तिसऱ्याच्या हातीं कशी जाते आणि अखेर गंजून कुंपणाच्या कडेला पडली म्हणजे तिच्याकडे कोण पाहतें, हा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेरचा. अमेरिकेंत, विशेषतः दक्षिण कॅलिफोर्नियांत, १९३० नंतरच्या दोन दशकांत जी ‘हॉट रॉड’ म्हणून गाडी निर्माण झाली, तिचा इतिहास मात्र ह्या कुंपणाच्या कडेपासूनच सुरू करावा लागतो. ती कोणत्याही कारखान्यानें काढलेली नाहीं. खिशांत थोडे डॉलर आणि हातांत पाना असलेल्या तरुणांनीं टाकून दिलेल्या गाड्यांचे अवयव जुळवून ती उभी केली. हॉट रॉडविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे; पण तें बहुतेक तिच्या वेगाविषयीं. माझ्या मतें वेगाची कथा दुय्यम आहे; मूळ कथा काटकसरीची आहे, आणि ती नीट कळल्याशिवाय दुसरीचा उलगडा होत नाहीं.

ही गाडी तेथेंच आणि तेव्हांच कां जन्मली ? कित्येक लोक ह्याचें उत्तर अमेरिकन तरुणाच्या उतावळ्या स्वभावांत शोधतात. परंतु उतावळे तरुण सर्व देशांत असतात; स्वस्त जुनें लोखंड सर्व देशांत नसतें. हेन्री फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाड्या १९०८ पासून १९२७ पर्यंत दीड कोटीहून अधिक निघाल्या. आरंभीं ८५० डॉलर असलेली किंमत उतरत उतरत १९२५ सालीं सर्वांत साध्या दोन-बैठकी गाडीपुरती २६० डॉलरांवर आली. २० अश्वशक्तीचें हें टिनपाट वाहन ताशीं ४०-४५ मैलांपलीकडे जात नसे. पण शेतकरी, वाणी, पाद्री, सर्वांच्या दारांत तें उभें होतें. १९२७ च्या अखेरीस ‘मॉडेल ए’ आली. तिची शक्ति ४० अश्वांची. चार-साडेचार वर्षांत तिचा खप ४८ लाखांच्या आसपास गेला. ह्याच सुमारास लोकांची आवड पालटली. कापडी छपराच्या उघड्या गाड्या मागें पडून कांचेच्या खिडक्यांच्या बंद गाड्या घरोघर आल्या, आणि ज्यांत पाऊस-थंडी सरळ अंगावर येते अशी दोन-बैठकी ‘रोडस्टर’ जुन्या बाजारांत कवडीमोल झाली. १९२९ नंतरच्या मंदीनें तर भंगारखाने भरून टाकले. आतां वजनाचा हिशेब केला तर हीच गाडी सर्वांत हलकी : छप्पर नाहीं, खिडक्या नाहींत, मागची बैठक नाहीं. यंत्र तेंच ठेवून ओझें कमी केलें तर गाडी अधिक वेगानें जाईल, हें समजण्यास कोणत्याही विद्यालयाची पदवी लागत नाहीं. ज्या गुणामुळें रोडस्टर संसारी माणसाला नकोशी झाली, त्याच गुणामुळें ती ह्या पोरांना हवीशी झाली.

दुसरें कारण फोर्डच्या हट्टाचें आहे. इतर कारखानदारांनीं गाडीखालच्या कमानींची मांडणी हळूहळू बदलली. फोर्डनें मात्र पुढच्या व मागच्या आंसांवर एकेक आडवी कमान बसविण्याची मॉडेल टीची रीति १९४८ पर्यंत सोडली नाहीं. अभियंते ह्या हट्टाला हंसले असतील. भंगारांत हिंडणाऱ्या तरुणांनीं मात्र त्याचे आभारच मानले पाहिजेत. कारण त्यामुळें १९४० च्या गाडीचा आंस १९२९ च्या गाडीखालीं थोडी कानस चालवून, एखादें भोंक पाडून बसविणें शक्य झालें. ब्रेकांची गोष्ट ह्याहून मौजेची आहे. तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक इतर कंपन्यांनीं कधींच स्वीकारले असतां फोर्डनें १९३९ पर्यंत सळयांनीं ओढले जाणारे ब्रेकच चालू ठेवले. पुढें जेव्हां त्यानें ते बदलले, तेव्हां नव्या ब्रेकांचा संच जुन्या आंसांवर सहज बसतो असें आढळून आलें, आणि भंगारखान्यांत १९३९-४० च्या फोर्डचे ब्रेक ही पहिली शोधण्याची वस्तु होऊन बसली. एका म्हाताऱ्याच्या दुराग्रहानें प्रश्न निर्माण केला आणि त्याच्याच दुसऱ्या दुराग्रहानें तो सोडविला.

ह्या म्हाताऱ्यानेंच १९३२ च्या मार्चांत, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं, आठ सिलिंडरांचें ‘व्ही-८’ यंत्र सामान्य माणसाच्या गाडींत घातलें. आठ सिलिंडर म्हणजे तोंवर बहुधा श्रीमंतांचा थाट. फोर्डनें दोन्ही बाजूंचे सिलिंडर एकाच ओतकामांत ओतण्याची युक्ति साधली आणि २२१ घनइंचांचें, ६५ अश्वशक्तीचें हें यंत्र बसविलेली रोडस्टर ४६० डॉलरांना विकली. पुढें ह्या यंत्राची शक्ति ८५ अश्वांवर गेली, आणि १९३९ च्या मर्क्युरी गाडींत २३९ घनइंच व ९५ अश्वशक्ति असें त्याचें मोठें भावंड आलें. त्यांत दोष नव्हते असें नाहीं. जळलेल्या वायूच्या वाटा यंत्राच्या पोटांतून, थंड करणाऱ्या पाण्याला लागूनच जात; त्यामुळें पाणी उकळून रेडिएटर वाफा टाकूं लागे. पण रस्त्यावर ठोकर खाऊन चेमटलेल्या गाडीचें यंत्र पुष्कळदां शाबूत असे, आणि भंगारवाला तें वजनाहून थोड्या अधिक भावानें देई.

तेव्हां गाडी बांधावयाची ती कशी ? प्रथम बॉडी. मॉडेल टीची घ्यावयाची तर पत्र्यामागचें लांकूड कुजलें आहे कीं काय हें पाहणें आलें. मॉडेल एची घ्यावयाची तर तळची कड गंजून गेली आहे कीं काय तें पाहणें आलें. पत्र्यावरील पोचे कोणी मनावर घेत नसे. ते हातोडीनें निघतात. मग खालचा सांगाडा, म्हणजे चासी. मॉडेल एच्या दोन आंसांमधील अंतर साडेएकशेंतीन इंच, १९३२ च्या फोर्डचें १०६ इंच; अडीच इंचांचा हा फरक जाणत्यानें सहज जुळवून घेतला. १९३२ ची चासी मजबूत होती, हें तर खरेंच. शिवाय तिच्या बाजूच्या पट्ट्यांवर कारखान्यानेंच दाबून उठविलेली एक सुरेख रेषा होती, त्यामुळें मडगार्ड काढून टाकले तरी गाडी उघडीबोडकी न दिसतां घडविल्यासारखी दिसे. त्या चासीवर १९२८-२९ ची बॉडी आणि पुढें व्ही-८ यंत्र, हा मेळ इतका लोकप्रिय झाला कीं त्याला ‘ए-व्ही-८’ असें नांवच पडलें. बॉडी चासीच्या वर ठेवली तर ती ‘हायबॉय’. तळ कापून चासीभोवतीं खालीं उतरविली तर वाऱ्याचा अडथळा कमी, पण चालविणाऱ्याचे गुडघे हनुवटीला. मला स्वतःला हायबॉयच अधिक प्रामाणिक वाटते. ती आपली जोडाजोड लपवीत नाहीं.

मग यंत्राचे संस्कार. सिलिंडरांचें झांकण खालून घांसून पातळ केलें म्हणजे आंतील मिश्रण अधिक दाबलें जातें आणि स्फोटास जोर येतो. १९३६ ते १९३८ च्या फोर्ड गाड्यांवर असलेला ‘स्ट्रॉम्बर्ग ९७’ कार्बुरेटर भंगारांत मुबलक मिळे. एकाऐवजीं दोन बसविले म्हणजे यंत्राचा श्वास मोकळा होई. झडपा उघडणारा कॅमशाफ्ट मात्र जाणत्याकडूनच घांसून घ्यावा लागे. ही विद्याही हवेंतून आलेली नव्हती. १९२० नंतरच्या दशकांतच एड विनफील्डनें लॉस एंजेलिस भागांत कार्बुरेटर आणि कॅमशाफ्ट ह्यांत नांव मिळविलें होतें, आणि शेव्हरोले बंधूंनीं मॉडेल टीसाठीं ‘फ्रॉन्टेनॅक’ नांवाचीं झांकणें विकावयास काढलीं होतीं. तीं परवडत नसत तो मुलगा त्यांच्यावरून शिकून घरीं तसलेंच कांहीं करी. ह्यांत कांहीं चौर्य असेल तर तें सर्व कारागिरींत आहे.

गाडी झाली, ती पळवावयाची कोठें? लॉस एंजेलिसच्या उत्तरेस मोहावी वाळवंटांत म्युरॉक, रोझामंड, एल मिराज, हार्पर अशीं कोरडीं सरोवरें आहेत. हिवाळ्याच्या पावसांत त्यांवर उथळ पाणी पसरतें, वारा तें इकडून तिकडे ढकलतो, आणि उन्हाळ्यांत चिखल वाळून जमीन पाटीसारखी सपाट होते. एकट्या म्युरॉकचा विस्तार ४४ चौरस मैल. शनिवारीं रात्रीं निघून पोरें तेथें पोंचत. दिवे, समोरची कांच, जें जें काढतां येईल तें काढून ठेवीत. धुळींत गाडी सोडून देत आणि सायंकाळीं सर्व पुन्हां बसवून त्याच गाडींतून घरीं येत. सोमवारीं तिच्यांतूनच कामावर जावयाचें असे. प्रथम अनेक गाड्या एकदम सोडीत, आणि मागच्याला पुढच्याच्या धुळीपलीकडे कांहीं दिसत नसे. हा जीवघेणा अव्यवस्थितपणा आवरण्यासाठीं १९३७ च्या नोव्हेंबरांत निरनिराळ्या मंडळांनीं एकत्र येऊन ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ स्थापिली, आणि १९३८ च्या मे महिन्यांत तिची पहिली शर्यत म्युरॉकवर झाली. मोटारदुरुस्तीचा धंदा करणाऱ्या व्हिक एडेलब्रॉकनें १९४१ च्या नोव्हेंबरांत रोझामंडवर आपल्या १९३२ च्या रोडस्टरमधून ताशीं १२१ मैलांहून अधिक वेग गांठला. ६५ अश्वशक्तीच्या घरगुती गाडीचा वंश नऊ वर्षांत कोठवर आला, तें ह्या एका आंकड्यावरून दिसावें.

पुढच्याच महिन्यांत पर्ल हार्बरवर बाँब पडले. १९४२ च्या फेब्रुवारींत खाजगी मोटारींचें उत्पादन थांबलें. रणांगणासाठीं लोखंड गोळा करणाऱ्या मोहिमांत किती रोडस्टर वितळून गेल्या असतील त्याचा हिशेब कोण ठेवणार ! म्युरॉक सैन्याकडे गेलें. पोरेंही गेलीं. घरीं राहिलेल्यांपैकीं व्हेडा ऑर ह्या बाईंचें नांव येथें घेतलें पाहिजे. त्या स्वतः सरोवरांवर गाडी चालवीत. असोसिएशनच्या त्या पहिल्या स्त्री-सभासद. युद्धकाळांत मंडळाचें वार्तापत्र त्यांनीं चालू ठेवून परदेशीं लढणाऱ्या सभासदांकडे धाडलें. मला वाटतें, कित्येक गाड्यांचे आराखडे त्या वार्तापत्राच्या समासांत खंदकांतच निघाले असावेत.

परत आलेला तरुण पूर्वीचा राहिला नव्हता. विमानांच्या कारखान्यांत आणि सैन्याच्या कर्मशाळांत त्यानें सांधकाम, मोजमाप, हलक्या धातूंचें काम शिकून घेतलें होतें. जुनें टाकाऊ लोखंड कामास लावण्याची बुद्धि आतां विमानांपर्यंत पोंचली : बिल बर्कनें १९४६ सालीं लढाऊ विमानाखालीं लटकविण्याची इंधनाची टांकी घेऊन तिच्यांतच यंत्र व बैठक बसविली. एड इस्केंडेरियननें जुनें घर्षणयंत्र मिळवून स्वतःच कॅमशाफ्ट घांसण्यास आरंभ केला. मॉडेल टीच्या बॉडींत व्ही-८ घालून त्यानें बांधलेली गाडी १९४८ च्या जूनमध्यें ‘हॉट रॉड’ मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकली. १९४७ च्या ऑक्टोबरांत ध्वनीपेक्षां अधिक वेगानें उडून चक येगर म्युरॉकच्या ज्या मातींत उतरला, तिच्यावर नऊ वर्षांपूर्वीं हीं पोरें धूळ उडवीत होतीं.

परंतु सर्वच पोरें सरोवरांवर जात नव्हतीं. रात्रीच्या वेळीं शहरांतील सरळ रस्त्यांवर शर्यती लागत, आणि त्यांत त्यांचे व निरपराध लोकांचेही जीव गेले. वर्तमानपत्रांनीं ‘हॉट रॉड’ हा शब्द शिवीसारखा वापरला तो सर्वस्वीं अन्यायानें, असें म्हणतां येणार नाहीं. अन्याय एवढाच झाला कीं, कारखान्याची चकचकीत गाडी बेफाम हांकणाऱ्या धनिकपुत्राच्या अपघातास तें विशेषण कोणी लावीत नसे. रॉबर्ट पीटरसन व रॉबर्ट लिंडसे ह्यांनीं १९४८ च्या जानेवारींत ‘हॉट रॉड’ मासिक काढलें, त्याच महिन्यांत लॉस एंजेलिसला गाड्यांचें प्रदर्शन भरलें, १९४९ च्या ऑगस्टांत युटा संस्थानांतील बॉनव्हिलच्या मिठागरावर शर्यती सुरू झाल्या, आणि १९५१ सालीं वॉली पार्क्स ह्यांनीं ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापून रस्त्यावरील शर्यत आंखलेल्या पट्ट्यावर आणली.

येथूनच काटकसरीला ओहोटी लागली. जी झांकणें, जे मॅनिफोल्ड पोरें एकमेकांसाठीं ओतीत, त्यांच्या छापील किंमती मासिकांच्या जाहिरातींत दिसूं लागल्या. एडेलब्रॉक, इस्केंडेरियन हीं नांवें मोठ्या धंद्यांचीं झालीं. १९५३ नंतर अमेरिकेंत फोर्डनें जुनें व्ही-८ बंद केलें, आणि १९५५ सालीं शेव्हरोलेनें २६५ घनइंचांचें, १६२ अश्वशक्तीचें हलकें यंत्र काढलें. जी शक्ति मिळविण्यास रात्रीच्या रात्री घांसकाम करावें लागे, ती दुकानांत तयार मिळूं लागली. १९९७ सालीं कॅलिफोर्नियांतील पेबल बीचच्या खानदानी मोटार-मेळाव्यांत हॉट रॉडना स्वतंत्र वर्ग मिळाला. त्यांत डोन स्पेन्सरची १९३२ ची रोडस्टर पहिली आली. २०१४ सालीं अमेरिकन टपाल खात्यानें १९३२ च्या दोन रोडस्टर तिकिटांवर छापल्या. अस्सल जुनी बॉडी दुर्मिळ झाली म्हणून ओहायोंतील एका कारखान्यानें १९३२ ची रोडस्टर नव्या पोलादी पत्र्यांतून जशीच्या तशी घडवून विकावयास काढली. भंगारवाल्यानें रचून ठेवलेली वस्तु साचा करून पुन्हां ओतावी, हा प्रसंग मोठा विलक्षण आहे. ती नवी बॉडी घेऊन बांधलेली गाडी दिसावयास मूळच्या गाडीहून सरसही असेल. पण तिच्यासाठीं बापाच्या अंगणांत कोणी चार शनिवार गंज खरवडलेला नसतो.

तथापि ज्याच्या खिशांत आजही थोडेच डॉलर आहेत तो मनुष्य अजून नाहींसा झालेला नाहीं. १९३२ च्या रोडस्टरकडे तो पाहतच नाहीं. १९३०-४० च्या सुमारच्या चार-दारी बोजड गाड्या आणि माल वाहणाऱ्या ट्रकांच्या पुढच्या पेट्या, ज्यांना जुने शोधक हात लावीत नसत, त्या शेताच्या कडेला अजून सांपडतात. त्यांचा तळ सुव्याच्या टोकानें टोंचून तो पाहतो. पत्रा किती खोलवर खाल्ला आहे तें अजमावतो. आणि मग भावाची घासाघीस सुरू होते.