चुना : त्वचा व डोळ्यांच्या इजेचे मूल्यमापन

मन्नाएखेळ्ळी ज्या बिदर जिल्ह्यात आहे, त्याच्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात चुनखडी विपुल आहे. शहाबादी फरशी ही तिचेच एक रूप. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना मिळतो. पाण्यात विरताना तो प्रखर उष्णता सोडतो. विरलेल्या चुन्याच्या निवळीचा सामू सुमारे १२.४ असतो. रसायनांच्या जागतिक वर्गीकरणात ११.५ किंवा त्याहून अधिक सामू हा सहसा गंभीर इजेचा संकेत मानतात. त्यामुळे सशांवर चाचणी न करताही धोका ओळखता येतो. विरलेला चुना त्वचेचा दाह करतो. डोळ्यात गेल्यास पारपटलात खोल शिरून दृष्टी हिरावू शकतो. अशा वेळी डोळा चोळू नये. चुन्याचे कण काढून टाकत तो किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावा आणि तत्काळ नेत्रतज्ज्ञांकडे जावे.