नॅशव्हिलला जाण्याआधी

नॅशव्हिलचा बेत आखताना मी कंट्री संगीताचा इतिहास वाचतो आहे. रायमन सभागृह पाहायचंच आहे. 'ग्रँड ओल ऑप्री' हा रेडिओ-कार्यक्रम १९४३ ते १९७४ तिथून होत असे. १९२७ साली कार्यक्रमाला हे नाव पडलं, त्या रात्री डीफोर्ड बेली हा कृष्णवर्णीय कलावंत माउथ ऑर्गन वाजवत होता. १९४१ साली त्याला काढून टाकलं. पुढे त्याने बूट पॉलिशचं दुकान चालवलं. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्याला जागा मिळाली ती २००५ साली, मृत्यूनंतर २३ वर्षांनी.

म्हणून पहिला दिवस मी फिस्क विद्यापीठासाठी राखला आहे. १८७१ साली तिथले विद्यार्थी, बहुतेक गुलामगिरीत जन्मलेले, गाऊन संस्था वाचवायला निघाले. रेडिओच्या कितीतरी आधी नॅशव्हिलचा सूर त्यांनीच युरोपपर्यंत नेला.