सुईणीची वही

इतिहास म्हटला की आपण लढाया मोजतो. पोटुशी बाई कुणी मोजली?

पोलादपूर-महाडच्या वाड्यांवर बाळंतपण सुईणच करायची. कितवा महिना, पाळी कधी चुकली, पहिलटकरीण की तिसरी खेप, मागचं पोर आडवं होतं का, सगळं तिच्या डोक्यात. वही नव्हती. बाईला आणि शूद्राला अक्षर द्यायचं नाही, हा मनूचा कायदा. सुईण मेली की तिच्या डोक्यातली वही तिच्याबरोबर मातीत गेली.

लेखणी होती ती गावदप्तरात. मूल जन्मलं की नोंद, माणूस मेलं की नोंद, शेजारी जात. जातीच्या दाखल्यासाठी आपण आजही तो जुना गाव नमुना नंबर 14 धुंडाळतो. पण जन्माआधीच्या नऊ महिन्यांना त्यात रकानाच नव्हता. अडलेली बाई मेली, तर थेट मरणाच्या पानावर.

20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. 25 डिसेंबरला तिथंच मनुस्मृती जाळली. पुढच्याच वर्षी, 28 जुलै 1928 ला, ते मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायांच्या बाळंतपणाच्या बिलासाठी उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणं देशाच्या हिताचं आहे, असं त्यांनी मांडलं. 1929 ला कायदा झाला. त्यातला ‘आधी’ हा शब्द ध्यानात ठेवा. आधीचा विसावा द्यायचा तर दिवस मोजावे लागतात, लिहावे लागतात.

आज तो कागद आहे, माता-बाल संरक्षण कार्ड. नर्सबाई शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवून बाळंतपणाची तारीख काढते. दर खेपेला वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन लिहिते. एकटा आकडा फार बोलत नाही. चार आकडे ओळीनं वाचले की दाब चढतोय, रक्त उतरतंय हे दिसतं. हिमोग्लोबिन 7 च्या खाली गेलं तर धोका मोठा. अशा बाईला डोंगरातल्या वाडीवरून वेळेआधी दवाखान्यात न्यायचं, कळा सुरू झाल्यावर डोली शोधायची नाही.

पण रकाना रिकामा असेल तर? न तपासताच भरलेला असेल तर? ते गावदप्तर पुन्हा आलं समजा.

म्हणून पोरांनो, सभेची पत्रकं वाटून झाली की वाडीतल्या पोटुशी बहिणीला तिचं कार्ड वाचून दाखवा. रिकाम्या रकान्याचा जाब विचारा. आणि म्हातारी सुईण हयात असेल, तर वही घेऊन तिच्यापुढं बसा. ती सांगेल, तुम्ही लिहा. पहिल्या पानावर तिचं नाव घाला.

जयभीम.