कंसातले नाव : फेरफार नोंदवहीपासून गिटपर्यंत

१/ पनवेलच्या खांदा कॉलनीतील इमारती पाहून इथे कधी शेती होत असेल, असे वाटत नाही. कागद मात्र ते विसरलेला नाही. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी संपादनाखाली आल्या. शेतकऱ्याचे नाव जाऊन शासनाचे नाव कसे लागले, हे सांगणारी वही म्हणजे फेरफार नोंदवही, अर्थात गाव नमुना ६.

२/ मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने जमिनीच्या हक्कांची नोंद ठेवण्याची पद्धत आली. सातबारा जमिनीची आजची स्थिती सांगतो. ती तशी का झाली, हे फेरफार सांगतो. विक्री, वारस, वाटणी, बोजा : प्रत्येक बदलाला क्रमांक, तारीख आणि कारण. जुन्या धारकाचे नाव नाहीसे करत नाहीत. त्याला कंस करतात आणि वर्तुळात फेरफार क्रमांक लिहितात.

३/ बदल लगेच पक्काही होत नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार तलाठी नोंद घेतो, चावडीवर नोटीस लावतो, हितसंबंधितांना कळवतो. हरकत आल्यास प्रकरण तक्रार नोंदवहीत जाते. निर्णयानंतरच मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो.

४/ नेमका हाच प्रश्न पुढे संगणकाच्या जगात उभा राहिला. एकच प्रोग्राम अनेक जण बदलू लागले, तर कोणी, कधी, का बदलले, हे कळणार कसे? १९७२ मध्ये बेल लॅब्जमधील मार्क रॉककाइंड यांनी त्यासाठी एससीसीएस ही प्रणाली लिहिली. एकाने फाइल दुरुस्तीला घेतली की इतरांसाठी ती बंद.

५/ १९८० च्या दशकात वॉल्टर टिची यांची आरसीएस आली. ती ताजी आवृत्ती अखंड ठेवते आणि तिथून मागे जाण्यासाठी केवळ फरक जपते. सातबारा अखंड आणि मागचा माग फेरफारात : रचना तीच. त्यानंतरच्या सीव्हीएसमध्ये अनेकांना एकाच वेळी काम करता आले. दोघांनी एकच ओळ बदलली, तर यंत्र थांबते आणि निवाडा माणूस करतो. चावडीवरच्या हरकतीचेच हे दुसरे रूप.

६/ एप्रिल २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी गिट घडवले. यात प्रत्येक नोंदीत तिच्या आधीच्या नोंदीची अंकीय खूण गुंफलेली असते. त्यामुळे मधलीच नोंद गुपचूप बदलता येत नाही. शिवाय संपूर्ण इतिहास सहकाऱ्यांच्या प्रतींमध्येही असतो. फेरफार नोंदवही इथे उणी पडते. दप्तरातील पान फाटले किंवा वाळवीने खाल्ले, की साखळी तुटते.

७/ ही साखळी किती मोलाची, हे उरण-पनवेल जाणते. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील शेतकरी आंदोलनावर गोळीबार झाला. पाच जण हुतात्मा झाले. या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे धोरण पुढे आले. मग प्रश्न आला हक्कदारांचा : संपादनाच्या वेळी जमीन कोणाची होती आणि आज त्याचे वारस कोण? केवळ आजची स्थिती दाखवणाऱ्या उताऱ्यात याचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी कुलाबा जिल्ह्याच्या काळातील फेरफारापर्यंत मागे जावे लागते.

८/ आता फेरफार संगणकावर होतो आणि २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळतो. तो हाती आला, की मालकाच्या नावावरच थांबू नये. फेरफार क्रमांक पाहावा आणि ती नोंद मागवून वाचावी. एखाद्या कुटुंबाचा हक्क तिथे, कंसातल्या नावाच्या आधाराने, अजून उभा असू शकतो.