नेपाळमधील यादवी युद्ध

नेपाळमधील यादवी युद्ध : (१३ फेब्रुवारी १९९६–२१ नोव्हेंबर २००६). भारत आणि चीन यांच्यामध्ये वसलेल्या, समुद्रकिनारा नसलेल्या नेपाळमध्ये सरकार व नेपाळ कम्युनिस्ट पक्ष (माओवादी) यांच्यात झालेला सशस्त्र संघर्ष. माओवादी त्याला ‘जनयुद्ध’ म्हणत. त्यात सुमारे १७ हजार माणसे मेली. तेराशेहून अधिक बेपत्ता आहेत.

१९९० च्या जनआंदोलनामुळे राजे वीरेंद्र यांना बहुपक्षीय लोकशाही मान्य करावी लागली. काठमांडूत मंत्रिमंडळे बदलू लागली. पण रोल्पा, रुकुम या मगर जमातीची वस्ती असलेल्या डोंगरी जिल्ह्यांत रस्ता, दवाखाना, शाळा यांपैकी काहीच धड पोहोचले नाही. सावकारी आणि शिवाशिव होती तशीच राहिली. १९९५ च्या अखेरीस रोल्पात पोलिसांनी ‘रोमियो’ मोहीम काढली. त्या धरपकडीने आणि मारझोडीने गावेच्या गावे बिथरली; माओवाद्यांच्या प्रचाराला जमले नसते, ते या मोहिमेने केले.

४ फेब्रुवारी १९९६ रोजी माओवादी नेते बाबुराम भट्टराई यांनी पंतप्रधान शेरबहादूर देउवा यांना ४० मागण्यांचे निवेदन दिले. दिलेली मुदत संपायच्या आतच, १३ फेब्रुवारीला, रोल्पा, रुकुम व सिंधुलीतील पोलीस चौक्यांवर हल्ले झाले. त्याच दिवशी गोरखा जिल्ह्यात कृषी विकास बँकेच्या एका कार्यालयात शिरून कर्जाचे कागद जाळले गेले आणि गहाण पडलेले जमिनीचे दस्तऐवज शेतकऱ्यांना परत देण्यात आले. या युद्धाला गावांत थारा का मिळाला, हे समजण्यासाठी जाहीरनाम्यांपेक्षा हा एक प्रसंग अधिक उपयोगी आहे. पक्षाचे नेतृत्व पुष्पकमल दहाल ऊर्फ प्रचंड यांच्याकडे होते. सुरुवातीची शस्त्रे म्हणजे भरमार बंदुका, खुकरी, घरी बनवलेले कुकर बॉम्ब आणि पोलिसांकडून हिसकावलेल्या रायफली.

पहिली पाच वर्षे लढले ते फक्त पोलीस. सैन्य राजाच्या हुकमाखाली होते आणि बराकीतच राहिले. सप्टेंबर २००० मध्ये डोल्पा जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या दुनै येथे हल्ला झाला, तेव्हा जवळच असलेली सैन्याची तुकडी मदतीला गेली नाही. दुर्गम चौक्या एकामागून एक उठवल्या गेल्या. सरकार जिल्ह्याच्या ठिकाणापुरते, नेपाळीत ‘सदरमुकाम’ म्हणतात तेवढ्यापुरतेच उरले. बाहेर माओवाद्यांची ‘जनसरकार’ आणि ‘जनअदालत’ चालू झाली. या अदालतींनी दारूबंदी केली, शिवाशिवीबद्दल शिक्षा दिल्या, तशाच खबरीपणाच्या नुसत्या संशयावरून हत्याही केल्या. शिक्षक आणि शाळकरी मुले यांना तर दोन्ही बाजूंनी वेठीस धरले.

१ जून २००१ रोजी राजवाड्यात वीरेंद्र आणि त्यांचे कुटुंबीय मारले गेले. वीरेंद्र यांचे भाऊ ज्ञानेंद्र गादीवर आले. त्या वर्षी सरकार व माओवादी यांच्यात झालेली शस्त्रसंधी नोव्हेंबरात मोडली. माओवाद्यांनी दाङ जिल्ह्यातील घोराहीच्या सैनिकी तळावर हल्ला केला, आणीबाणी पुकारली गेली आणि सैन्य प्रथमच पूर्ण ताकदीनिशी उतरले. सर्वाधिक बळी गेले ते यानंतर, २००२ मध्ये. फेब्रुवारीत अछाम जिल्ह्याच्या मंगलसेन येथे एका रात्रीत शंभराहून अधिक जवान व पोलीस ठार झाले. अछामचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत पहारेकरी म्हणून येतात. आपल्याकडच्या इमारतींच्या फाटकांवर बसलेल्या कित्येकांची घरे त्या डोंगरांत होती.

२००३ ची दुसरी शस्त्रसंधीही टिकली नाही. ऑगस्टमध्ये रामेछापमधील दोरंबा येथे सैनिकांनी पकडलेल्या १९ जणांना गोळ्या घातल्या आणि बोलणी संपली. जून २००५ मध्ये चितवनमधील माडी येथे माओवाद्यांनी पेरलेल्या सुरुंगाने प्रवासी बस उडवली. तीसहून अधिक माणसे मेली.

माओवादी सदरमुकामावर रात्रीपुरता ताबा मिळवू शकत होते, काठमांडू घेऊ शकत नव्हते. सैन्यालाही डोंगर परत घेता येत नव्हते. ही कोंडी राजानेच फोडली. १ फेब्रुवारी २००५ रोजी त्यांनी सारी सत्ता हाती घेतली, आणि तोवर माओवाद्यांना विरोध करणारे संसदीय पक्ष त्यांच्याशी बोलू लागले. नोव्हेंबरात दिल्लीत बारा कलमी समझोता झाला. एप्रिल २००६ मध्ये लोक १९ दिवस रस्त्यावर उतरले, तेव्हा ज्ञानेंद्र यांना संसद पुनःस्थापित करावी लागली. २१ नोव्हेंबर २००६ रोजी पंतप्रधान गिरिजाप्रसाद कोइराला आणि प्रचंड यांनी शांतता करारावर सह्या केल्या.

संयुक्त राष्ट्रांच्या पथकाने करारानंतर छावण्यांत ठेवलेल्या १९,६०२ माओवादी लढवय्यांची नोंद केली. त्यांपैकी ३,८४६ स्त्रिया होत्या. शेवटी सैन्यात गेले ते सुमारे चौदाशेच. २८ मे २००८ रोजी संविधानसभेने राजेशाही रद्द केली आणि त्याच वर्षी प्रचंड पंतप्रधान झाले.

पीडितांचे प्रकरण मात्र रेंगाळले. सत्यशोधन व बेपत्ता व्यक्ती यांसाठीचे दोन आयोग नेमायलाच २०१५ साल उजाडले. पहिल्याकडे ६३ हजारांहून अधिक तक्रारी आल्या. त्यासंबंधीच्या कायद्यातील दुरुस्ती २०२४ मध्ये मंजूर झाली. दरम्यान बेपत्ता पुरुषांच्या बायकांना सासर विधवा म्हणून पांढरे नेसायला सांगे, आणि त्यांतल्या कित्येकींनी, नवऱ्याचा देह दाखवल्याखेरीज, कुंकू पुसायला नकार दिला.