चिकन येण्याआधी संपलेला सामना

१९९७ संपता संपता दक्षिण कोरिया दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आला होता. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे हात पसरावे लागले, मोठमोठ्या कंपन्यांनी माणसं कमी केली. घरी बसलेल्या अनेक पगारदारांनी गाठीच्या पैशातून गल्लोगल्ली ‘पीसी बांग’ उघडली. आपल्याकडच्या सायबर कॅफेसारखीच ही दुकानं. तासावर पैसे घेणारी, पण गेम खेळायलाच गजबजलेली. सरकार तेव्हा वेगवान इंटरनेटचं जाळं विणत होतं. अशात मार्च १९९८मध्ये अमेरिकेच्या ब्लिझार्ड कंपनीचा ‘स्टारक्राफ्ट’ हा गेम आला.

टेरन, झर्ग आणि प्रोटॉस या तीन जमाती, खनिजं खणायची, तळ उभारायचा, फौज घेऊन शेजाऱ्यावर चालून जायचं. पुढच्या दशकभरात जगात खपलेल्या प्रतींपैकी निम्म्याच्या आसपास एकट्या कोरियात गेल्या.

पण खेळणं वेगळं आणि दुसऱ्याचा खेळ बघायला जमणं वेगळं. ती सवय टीव्हीने लावली. १९९९मध्ये एका कार्टून वाहिनीने सामने दाखवून पाहिले आणि २००० साली ‘ऑनगेमनेट’ ही चोवीस तास फक्त गेम दाखवणारी वाहिनी सुरू झाली. तिच्या समालोचकांपैकी उम जे-ग्योंग हा मुळात कॉमिक्सच्या कथा लिहिणारा. एरवी घाम पुसत माऊस हलवणारी पोरं त्याच्या तोंडून सम्राट, वादळ अशी पात्रं होऊन बाहेर पडायची.

‘टेरनांचा सम्राट’ म्हणजे लिम यो-ह्वान. त्याच्या चाहत्यांच्या मंडळाची सभासदसंख्या सहा लाखांवर गेली. स्टुडिओत हाताने रंगवलेले फलक घेऊन तरुणी रांगा लावत. सामना सुरू होण्याआधी कोणीतरी एक, दोन, तीन म्हणायचं, की सगळे मिळून खेळाडूच्या नावाने आरोळी ठोकत. १७ जुलै २००४ रोजी बुसानच्या ग्वांगाल्ली किनाऱ्यावर ‘प्रोलीग’ या सांघिक स्पर्धेची अंतिम लढत झाली, तेव्हा लाखभर लोक आल्याचं सांगितलं गेलं. उघड्या वाळूवर ही मोजणी कोणी केली, हा प्रश्न रास्तच आहे; पण गर्दी अफाट होती, यात वाद नाही. लिमचा संघ त्या दिवशी हरला.

त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला ‘स्टारलीग’ या वैयक्तिक स्पर्धेच्या उपांत्य फेरीत लिमसमोर त्याचा जुना प्रतिस्पर्धी होंग जिन-हो होता. पाच डावांची लढत, म्हणून प्रेक्षकांनी निवांत चिकन मागवलं. लिमने पहिल्या तिन्ही डावांत सुरुवातीलाच होंगच्या दारात बंकर बांधून त्याला चिरडलं. चिकन पोचण्याआधीच सामना आटोपला, असं आजही हसत सांगितलं जातं. तेव्हा मात्र अनेक जण चिडले होते. जिंकण्यासाठी इतकं कोरडं खेळावं का, यावर खडाजंगी झाली. लिम पुढे अंतिम फेरीत आपल्याच शिष्याकडून, चोई यॉन-सुंगकडून हरला आणि रडला.

होंगच्या नशिबी मात्र गंमत आली. मोठ्या स्पर्धांत तो सतत दुसरा, म्हणून चाहत्यांनी दोन हा आकडाच त्याला बहाल केला. त्याच्याविषयी काही लिहायचं तर वाक्य दोनदा लिहायचं. विजेत्यांपैकी कित्येकांची नावं विसरली गेली, होंग टीव्हीवरचा लोकप्रिय चेहरा झाला.

२०१०मध्ये मात्र प्रेक्षकांचाच घात झाला. सामने पैसे घेऊन हरल्याचं उघडकीला आलं आणि एकेकाळचा विजेता मा जे-युन याच्यासह अकरा जणांवर कोरियातल्या ई-स्पोर्ट्स संघटनेने कायमची बंदी घातली. २०१२च्या ऑगस्टमध्ये जुन्या स्टारक्राफ्टची शेवटची ‘स्टारलीग’ ऑनगेमनेटवर झाली.

आज ‘लीग ऑफ लेजंड्स’ या गेमच्या अंतिम सामन्यांना जगभर स्टेडियम भरतात. समालोचकांचं टेबल, संघाचे गणवेश, हातातले फलक, सामूहिक आरोळ्या हा सगळा थाट सोलमध्ये आधीच घडलेला होता. त्याचं श्रेय ब्लिझार्डपेक्षा उमसारख्या समालोचकांना आणि फलक रंगवणाऱ्या त्या मुलींना अधिक द्यायला हवं.